माझ्या नेमणुकीनंतर घटलेला पाऊस

देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यात मी सौंसरच्या तहसील कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो, आणि त्याच पावसाळ्यापासून सौंसरचा पाऊस कमी झाला. हे माझं म्हणणं नाही. तसा खुलासा माझ्याकडे नागपूरहून लेखी मागवण्यात आला होता. इंग्रज नुकतेच गेले होते, त्यांच्या जाण्याचा पावसाशी काही संबंध असावा असं कोणाच्या मनात आलं नाही. संशय सरळ माझ्यावर होता.

कचेरीच्या मागच्या आवारात, शेळ्यांनी वाकवलेल्या तारेच्या कुंपणात, एक जस्ताचा डबा अर्धा जमिनीत गाडलेला होता. वर नरसाळं, आत बाटली. पडलेला पाऊस नरसाळ्यातून बाटलीत उतरायचा. रोज सकाळी आठला तो काचेच्या मापात ओतायचा, किती इंच आणि किती सेंट, म्हणजे इंचाचे शंभरावे भाग, ते वहीत लिहायचं, आणि महिनाअखेर तक्ता करून नागपूरला पाठवायचा. कागदोपत्री त्याचं नाव पर्जन्यमापक. गावात त्याला पावसाचा डबा म्हणत, आणि त्यात सरकार पाऊस साठवून ठेवतं अशी काही लोकांची समजूत होती. सरकारबद्दल तेव्हा लोकांच्या फार मोठ्या अपेक्षा होत्या.

माझ्या आधी हे काम कचेरीतले मोठे बाबू पंचवीस वर्षं करत होते. ते त्याच महिन्यात निवृत्त होऊन लोधीखेड्याला आपल्या घरी जाणार होते. जाताना त्यांनी मला कुंपणाची किल्ली दिली, वही दिली आणि फडक्यात गुंडाळलेलं काचेचं माप दिलं. माप इतकं लख्ख होतं की मला त्यांच्या निगेचं कौतुक वाटलं. मग त्यांनी कामाची रीत समजावली. कचेरीत येताना वहाणांना किती चिखल लागला ते पाहायचं. तळाला लागला तर अर्धा इंच, अंगठ्यावर आला तर एक, वहाणा हातात घ्याव्या लागल्या तर दोन. मागच्या वर्षीचा तक्ता शेजारी ठेवायचा, त्याच्यापासून फार दूर जायचं नाही, आणि जरा सढळ हातानं लिहायचं. सढळ कशासाठी, असं मी विचारलं. कमी पाऊस लिहिला की वरून चौकशी येते, चौकशीसोबत साहेब येतात, आणि साहेबांसाठी कोंबडी शोधत कारकुनालाच गावभर हिंडावं लागतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

मी बावीस वर्षांचा होतो. देश नवा होता आणि माझा कोटही नवा होता. मी डब्यासोबत आलेली नियमांची इंग्रजी पुस्तिका शोधून काढली आणि चक्क वाचली. तिच्यात म्हटलं होतं की डब्याजवळ झाड नसावं. आमच्या डब्यावर कडुलिंबाची जाडजूड फांदी छत्रीसारखी पसरली होती. फांदी तोडण्याची परवानगी मी मागितली तेव्हा कळलं की जमीन महसूलची असली तरी झाड बांधकाम खात्याचं आहे. त्या खात्याचं उत्तर येईपर्यंत पावसाळा संपला. मग मीच एका रविवारी कुऱ्हाड घेऊन फांदी उतरवली. सरकारी झाड विनापरवाना तोडल्याबद्दल खुलासा, हा माझ्या नोकरीतला पहिला खुलासा.

दुसरा खुलासा पुढच्या वर्षी, घटलेल्या पावसाबद्दल. मी उत्तरात लिहिलं की पूर्वी काय होत असे मला ठाऊक नाही, मी पाऊस मोजून लिहितो. आमचे तहसीलदार जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे, स्वभावानं भले. त्यांनी ते वाक्य खोडलं. मोजून लिहितो म्हटलं तर आधी मोजत नव्हते असा अर्थ निघतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्याऐवजी त्यांनी घातलं, की पाऊस ईश्वरेच्छेने कमी पडत आहे. नागपूरचं समाधान झालं. गावात मात्र मला पाऊसबाबू हे नाव पडलं ते कायमचं.

माझी थोरली बहीण पांढुर्ण्याला होती. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, म्हणून मी तिला बाई म्हणत असे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी संत्र्याचा बगीचा होता, तो ती एकटी पाहायची. डोंगरावरून एक नाला तिच्या बांधाला लागून खाली जाम नदीला मिळायचा. संत्र्याचं झाड तसं लहरी. आंब्या बहाराला, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलोऱ्याला, आधी पाणी तोडून त्याला ताण द्यायचा आणि नंतर वेळेवर भरपूर पाणी द्यायचं. ते पाणी विहिरीतून मोटेनं काढायचं, आणि फळ धरल्यावर उन्हाळाभर विहीर टिकली पाहिजे. बाईचा सगळा जीव त्या विहिरीत.

तिची एक सवय मला लहानपणापासून ठाऊक होती. दर होळीच्या सकाळी ती विहिरीच्या पायऱ्या उतरायची, पाण्यावर दगडी बांधकामाचे किती थर उघडे पडले ते मोजायची, आणि पायऱ्यांच्या बाजूला छिन्नीनं तेवढ्या रेघा पाडायची. भाऊजींनी सुरू केलेलं, ते गेल्यावर तिनं चालू ठेवलं. लिहितावाचता तिला जेमतेम यायचं. पण तिला चिखलावरून पाणी मोजण्याची कला कोणी शिकवलेली नव्हती, त्यामुळे तिच्या रेघा खऱ्या होत्या.

तो डोंगर एका मालगुजाराचा, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराचा. सागवान, धावडा, तेंदू, मोह, असं दाट रान होतं. मग मालगुजारी जाणार अशी बातमी आली. जमिनीसोबत रानही सरकारजमा होणार होतं. जे उद्या सरकारचं व्हायचं ते आज विकून टाकावं, ही गोष्ट मालगुजाराला कोणी शिकवावी लागली नाही. त्यानं उभं रान एका ठेकेदाराला दिलं, आणि ठेकेदारानं कायदा पोचायच्या आत कुऱ्हाडी पोचवल्या. दीड वर्ष पांढुर्ण्याच्या स्टेशनाकडे लाकडाच्या गाड्यांची रांग लागलेली असे. लोक म्हणत, काम निघालं. मी तेव्हा सुट्टीवर बाईकडे गेलो तर डोंगर मला ओळखू आला नाही. फक्त तिच्या बगीच्याच्या थेट वरचा एक चढ उरला होता. तो फार उभा, बैल चढेनात, म्हणून शेवटी ठेवला होता.

कायदा आला, मालगुजारी गेली, आणि सरकारला समारंभपूर्वक एक बोडका डोंगर मिळाला.

पुढची तीन वर्षं बाई दर भेटीत तेच सांगायची. नाला पूर्वी होळीपर्यंत वाहायचा, आता दिवाळीनंतर कोरडा पडतो. पावसाळ्यात मात्र असा येतो की बांध फोडून जातो, आणि सोबत डोंगरावरची माती नि दगड आणतो. जाम नदीचंही तेच झालं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, तेव्हा मधे नदी असते म्हणून निदान थोडी माणसं लांब राहतात. त्यातल्या एका वर्षी वरून आठवडाभर पाऊस नव्हता तर पात्रात घोट्याएवढं पाणी, आणि गोट्यांचा साठा मात्र नेहमीच्या दुप्पट. माणसं पाय न भिजवता एकमेकांपर्यंत पोचली. डोंगर उघडा पडल्याचा फायदा काहीच झाला नाही असं म्हणता येणार नाही.

मी बाईला सांगायचो की पाऊस कमी झालेला नाही. मी रुजू झाल्यापासून रोज मोजतोय, एखादं वर्ष उणं, एखादं जास्त, पण घट नाही. ती एकदा विहिरीच्या काठावर बसून माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तुह्या डब्यात पाऊस पडून राहिला असन भाऊ. माह्या विहिरीत नाई उतरून राहिला." आणि तिनं मला पायऱ्यांवरच्या रेघा दाखवल्या. पूर्वी होळीला सात थर उघडे असत, आठ क्वचित. रान तुटल्यावर नऊ, मग अकरा, आणि त्या वर्षी बारा. डोंगराकडच्या चार रांगांची पानं वरून पिवळी पडत चालली होती.

तिच्यासारख्याच तक्रारी बऱ्याच बगीचेवाल्यांनी केल्या असाव्यात, कारण त्यानंतर नागपूरहून एक तरुण साहेब आले. संत्र्याचे बगीचे का वाळतात याची पाहणी त्यांच्याकडे होती. हुशार माणूस, वागायला साधा. त्यांनी कचेरीतले तीसेक वर्षांचे पावसाचे तक्ते मागवले आणि तीन दिवस बसून चौकटीच्या कागदावर त्यांची रेघ काढली. चौथ्या दिवशी त्यांनी ती रेघ तहसीलदारांना आणि मला दाखवली. रेघ सुरुवातीला जराशी अडखळून पुढे वीसबावीस वर्षं सपाट मैदानासारखी चालत होती आणि देश स्वतंत्र झाला त्या वर्षी एकदम खाली उतरली होती. त्यानंतर पुन्हा सपाट, पण खालच्या पातळीवर. त्यांनी समजावून सांगितलं, की या भागाचं हवामानच बदललेलं आहे, पाऊस कायमचा घटला आहे, आणि संत्र्याला हा प्रदेश पुढे मानवणार नाही. तहसीलदारांनी मान हलवली. बाहेर बसलेल्या ठेकेदारानंही हलवली. आभाळच आटलं तर कुऱ्हाडीचा काय दोष, आणि उरलेला चढ तोडायलाही मग काय हरकत.

 रेघेतली ती उतरती पायरी पावसाची नव्हती. तिथं मोठ्या बाबूंच्या वहाणा संपत होत्या आणि माझं काचेचं माप सुरू होत होतं.

दुपारी साहेब एकटे असताना मी त्यांना खरं सांगितलं. पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रविवार पाहा. त्यांनी एका वर्षाचा तक्ता काढला, मग दुसऱ्या, मग पाचसहा वर्षांचे. एकाही रविवारी सौंसरला थेंब नव्हता. कचेरीला सुट्टी म्हणून पावसालाही सुट्टी, आणि सोमवारी तो राहिलेलं काम उरकायचा. साहेबांनी तक्ते पुन्हा एकावर एक रचले. मग म्हणाले की त्यांचा अहवाल जवळजवळ तयार आहे, हे तक्ते सरकारनं दरवर्षी स्वीकारलेले आहेत, आणि एका कारकुनाच्या सांगण्यावरून पंचवीस वर्षांचा पाऊस रद्द करता येत नाही. शिवाय जुने आकडे काढून टाकले तर तुलना कशाशी करणार? हा प्रश्न मात्र खरा होता. ते संध्याकाळच्या छोट्या रेल्वेगाडीनं निघून गेले.

त्या आठवड्यात मी जुन्या वह्या घेऊन बसलो. मला खरं तर राग काढायचा होता. किती रविवार कोरडे आहेत ते एकूण एक मोजायचं ठरवलं होतं. मोजत मोजत मागे गेलो, आणि अगदी तळाच्या तीन वह्यांमध्ये रविवारी पाऊस पडलेला आढळला. दिवाळीच्या सुट्टीतही एकदा पडला होता. आकडे ओबडधोबड होते. कुठे नुसते तीन सेंट, कुठे एका दिवसात चार इंच; वहाणांवरून असे आकडे निघत नाहीत. मी उठून डब्याजवळ जाऊन उभा राहिलो. शेळ्या तेवढ्या होत्या तिथे. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि लोधीखेड्याला गेलो.

मोठे बाबू ओसरीवर बसून सुपारी कातरत होते. मी त्यांच्यावर ठपका ठेवायला आलो असं त्यांना वाटलं असावं. सुरुवातीला ते फक्त गावच्या आठवडी बाजाराबद्दल बोलत राहिले. मी त्या तीन वह्यांचं विचारलं तेव्हा त्यांचा अडकित्ता थांबला.

"ते तीन वर्सं मी सोता मोजला," ते म्हणाले. "पोतं डोक्यावर घेऊन जात होतो. तवा तो लिंब कमरेएवढा होता. मंग तो वाढला, मी दोन चिठ्ठ्या लिवल्या का याले काढा. उत्तर नाई. एका वर्सी मी बिमार, दोन महिने तक्ताच नाई गेला, तरी कोनी विचारलं नाई. मंग मी म्हनलं, कायले भिजाचं?"

मी त्यांना साहेबांची रेघ सांगितली, बाईची विहीर सांगितली, आणि हेही सांगितलं की हे वर लिहायचं तर त्यांचं बिंग फुटेल. ते आत गेले, पाणी पिऊन आले. अंगणातून ओसरीवर चढलेल्या कोंबड्या हाकलल्या.

"लिव," ते म्हणाले. "पन हेबी लिव, का पयले तीन वर्सं खरे हायेत."

मी ते लिहिलं. त्यांची खरी तीन वर्षं आणि फांदी उतरवल्यानंतरची माझी आठ, शेजारी शेजारी मांडली. पाऊस सारखाच होता. आभाळानं काही कमी केलेलं नव्हतं. त्याखाली बाईच्या रेघा मांडल्या, प्रत्येक होळीच्या. पाऊस तेवढाच पडतो, पण पूर्वी रानाच्या मुळांत, पाचोळ्यात, मातीत मुरून सावकाश नाल्यात नि विहिरीत उतरणारं पाणी आता दोन दिवसांत डोंगरावरून घसरून जामेत जातं, जाताना माती घेऊन जातं, असं मी शेवटी लिहिलं. रान पाऊस आणतं की नाही हे मला ठाऊक नाही, तेही लिहिलं. बाईचा त्यावर विश्वास होता, माझ्या आकड्यांत तसं काही दिसत नव्हतं. तहसीलदारांनी या वेळी एकही वाक्य खोडलं नाही. त्यांची बदली झाली होती आणि त्यांचं सामान बांधून तयार होतं.

कागद नागपूरला पोचला तेव्हा नागपूर आमचं राहिलेलं नव्हतं. राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं आणि सौंसर-पांढुर्णा भोपाळच्या. आम्ही मराठी बोलत होतो तिथेच बसून राहिलो. राजधानी तेवढी उठून गेली. आमच्या फायली पेट्यांत भरून भोपाळला रवाना झाल्या. त्यांपैकी किती पोचल्या याची मोजणी माझ्याकडे नव्हती. वर्षभरानं एक हिंदी पत्र आलं. त्यात माझ्या कागदाचा उल्लेख नव्हता. पर्जन्यमापक चालू स्थितीत आहे का, एवढंच विचारलं होतं. माझ्या सेवापुस्तकात मात्र एक शेरा वेळेवर पोचला होता, वरिष्ठांच्या अहवालावर अनाहूत टीका केल्याबद्दल. मोठ्या बाबूंना कोणी काही विचारलं नाही. मला वाटतं, त्याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं.

आता मी म्हातारा झालो. हवामान बदलतंय, जुने आकडे शोधा, असं शिकलीसवरलेली मुलं म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती आमचे ते पंचवीस वर्षांचे तक्ते लागले असतील तर त्यांनी आधी रविवार तपासावेत, एवढीच माझी विनंती. पण त्या वेळी प्रश्न बगीच्याचा होता, आणि ठेकेदार त्या उरलेल्या चढावर खुणा करायला येऊन गेला होता.

माझ्या कागदाची एक नक्कल मी बाईला दिली होती. ती नक्कल घेऊन बाई नव्या राज्याच्या वनखात्याच्या नव्या रेंजरकडे गेली. सावरगावचे आणि पांढुर्ण्याचे सहाजण बगीचेवाले सोबत होते. एरवी वर्षातून एकदा एकमेकांची डोकी फोडणारी ही माणसं त्या दिवशी एकाच खाचरातून, म्हणजे बैलगाडीतून, गेली. मीही होतो. रेंजर सागर जिल्ह्याकडचे, त्यांना मराठी येत नव्हती. ते नक्कल उलटसुलट करून पाहू लागले, कचेरीतून भाषांतर करून आणा म्हणाले. बाई खुर्चीवर बसली नव्हती, उभीच होती.

"साहब, कागज बाद में देखो," ती म्हणाली. "पयले मेरा कुआँ देखो."

ते आले हे विशेष. बाईनं त्यांना पायऱ्यांवरून खाली नेलं आणि एकेका होळीच्या रेघांवर बोट ठेवत गेली. त्यांनी स्वतः मोजलं. वर येऊन डोंगराकडे पाहिलं, वाळलेल्या रांगांमधून चालत गेले, एका फांदीची साल नखानं खरवडून पाहिली. कसली मोजपट्टी नव्हती की चौकटीचा कागद नव्हता. तिथेच बांधावर बसून त्यांनी हुकूम लिहिला, की सखोल चौकशी होईपर्यंत या चढावरची तोड बंद ठेवावी.

चौकशी झाली नाही. ठेकेदारानं दोन-तीनदा अर्ज केला, त्याला चौकशी प्रलंबित असल्याचं कळवण्यात आलं. पुढे रेंजर बदलले, त्यानंतरचेही बदलले, आणि चौकशी कोणी करायची यावर दोन खात्यांत पत्रव्यवहार चालू राहिला. मी आयुष्यभर सरकारी दिरंगाईला शिव्या दिल्या, पण त्या चढावरचा सागवान तिच्याच जिवावर उभा राहिला. बाईनं आणि त्या सहाजणांनी तिथं गुरं सोडणं बंद केलं. नाल्यात दगड रचून लहान लहान आडवे बांध घातले. दगडांची टंचाई नव्हतीच.

डोंगराकडच्या चार रांगा मात्र वाचल्या नाहीत. त्या काढायच्या दिवशी मी रजा घेऊन गेलो होतो. मजूर आले होते, पण बाईनं त्यांना थांबवलं आणि पहिल्या झाडावर स्वतः कुऱ्हाड घातली. ते झाड भाऊजींनी लावलेलं होतं. दोन-तीन घाव घालून ती थांबली, तोंडावरून पदर फिरवला, आणि कुऱ्हाड माझ्या हाती देऊन भाकरी करायला घरात गेली. त्या जागी तिनं पुढच्या मृगात तूर पेरली. नंतरच्या होळ्यांना विहिरीचे थर बाराचे अकरा झाले, मग दहा. सातवर ते पुन्हा कधी आले नाहीत. उरलेल्या झाडांना दहा पुरले, आणि त्यांची संत्री ती दर वर्षी टोपलीभर सौंसरला पाठवायची, त्यातली अर्धी लोधीखेड्याला मोठ्या बाबूंकडे पोचवायची असं बजावून.